जन्मनक्षत्र आणि मागच्या जन्मीचं कर्म: खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बावीस वर्षं मी अमळनेरला पत्रिका बघते. लग्न जुळवायचं असतं, बाळाचं नाव ठेवायचं असतं, पोराला नोकरी लागत नसते, म्हणून माणसं येतात. कामाचं बोलून झालं की, चप्पल पायात सरकवताना, आवाज खाली आणून बरेच जण विचारतात, "ताई, मी मागच्या जन्मी काय केलं असेल हो?" खरा प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो. तो आणि त्याच्या आगेमागे येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं मी शिकले त्या परंपरेतली आहेत. जिथे माझं स्वतःचं मत आहे, तिथे तसं म्हटलं आहे.

माझा जन्म मृगात झाला. म्हणजे माझं जन्मनक्षत्र मृग का?

तसं होत नाही. हा घोटाळा आपल्याकडे फार होतो, कारण आपलं शेत नक्षत्रांवर चालतं. केळीची मृगबाग, रोहिणीत टाकलेला कापूस, आर्द्रात किती पडला आणि हत्तीने किती झोडपलं, हे सगळं आपण नक्षत्राच्या नावाने मोजतो. ही नक्षत्रं सूर्याची आहेत. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो आणि ७ किंवा ८ जूनला मृगात शिरतो.

जन्मनक्षत्र चंद्राचं असतं. तुम्ही जन्मलात त्या क्षणी चंद्र आकाशाच्या ज्या भागात होता, तो भाग. आकाशाचे ३६० अंश, त्याचे सत्तावीस भाग, म्हणजे एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं. चंद्र ते साधारण एका दिवसात ओलांडतो. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण, एकूण १०८. म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जन्मलेल्या सात बाळांची सात वेगळी जन्मनक्षत्रं असू शकतात, जरी सगळ्यांच्या आज्या "मृगातलं लेकरू" म्हणत असल्या तरी.

जन्मनक्षत्राचा आणि मागच्या जन्माचा संबंध शास्त्रात कुठे येतो?

हा प्रश्न नीट समजून घ्यावा, कारण भीती इथूनच सुरू होते.

कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. मी घरात येणाऱ्यांना ज्वारीवरून सांगते. कणगीत वर्षानुवर्षं साठलेली ज्वारी हे संचित. त्यातून या खेपेला दळायला काढलेलं पायलीभर धान्य हे प्रारब्ध. आणि आत्ता शेतात पेरताय ते क्रियमाण. पत्रिका कणगी दाखवत नाही. दळायला काढलेलं पायलीभरच दाखवते, आणि तेही कुठल्या धान्याचं आहे एवढंच. भाकरी जाड थापायची की पातळ, करपू द्यायची की नाही, हे तव्यासमोर बसलेल्याच्या हातात राहतं.

आता नक्षत्र यात कसं शिरतं ते बघा. आपल्याकडे आयुष्याचे कालखंड, म्हणजे दशा, मोजायची सर्वांत वापरातली पद्धत विंशोत्तरी. एकूण १२० वर्षं, नऊ ग्रहांत वाटलेली: केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७. कुठल्या ग्रहापासून सुरुवात करायची ते जन्मनक्षत्र ठरवतं. अश्विनी, मघा, मूळ यांची सुरुवात केतूपासून, भरणी, पूर्वा, पूर्वाषाढा यांची शुक्रापासून, आणि असंच पुढे.

समजा एखादी मुलगी रोहिणीवर जन्मली. रोहिणीचा स्वामी चंद्र, त्याची दहा वर्षं. पण तिच्या जन्मवेळी चंद्राने रोहिणीचे तीन चरण ओलांडले होते, चौथा नुकताच लागला होता. मग दहातली साडेसात वर्षं गेली असं धरतात आणि तिच्या वाट्याला अडीचच वर्षं येतात. पत्रिकेत याला "भोग्य दशा" लिहिलेलं असतं, आणि गेलेल्या साडेसात वर्षांना "भुक्त". त्यानंतर मंगळाची सात, म्हणजे साडेनऊ वर्षांची होईपर्यंत, मग राहूची अठरा, म्हणजे साडेसत्ताविसाव्या वर्षापर्यंत.

ही जी जन्माआधीच भोगून झालेली साडेसात वर्षं, तिथे जुने लोक मागचा जन्म बघतात. माणूस कोऱ्या पाटीने येत नाही, चालू हिशेबात मध्येच येऊन बसतो, ही त्यामागची समजूत. मला ती फार सुंदर वाटते. त्यात शिक्षा कुठेच नाही. अर्धवट राहिलेलं काम पुढे चालू करणं एवढंच आहे.

मग मागच्या जन्मी मी कोण होतो, हे पत्रिकेवरून कळतं का?

नाव, गाव, जात, धंदा असलं काहीही कळत नाही. "तुम्ही मागच्या जन्मी तापीकाठी नाग मारला होता" असं कोणी छातीठोक सांगितलं, तर नमस्कार करून उठा.

पत्रिकेत पूर्वकर्माकडे बोट दाखवणाऱ्या जागा आहेत, हे खरं. पाचवं स्थान पूर्वपुण्याचं, नववं भाग्याचं. केतू जिथे असेल त्या विषयात माणूस आधीच शिकून आल्यासारखा असतो आणि राहूकडे त्याला ओढ असते, असं मानतात. जन्मनक्षत्रापासून दहाव्या नक्षत्राला तर "कर्म नक्षत्र" असंच नाव आहे. आणि पूर्वजन्माच्या सूक्ष्म विचारासाठी षष्ट्यंश कुंडली सांगितली आहे, एका राशीचे साठ भाग करून.

या साठाव्या भागाचं गणित मात्र ऐकून ठेवा. तो अर्ध्या अंशाचा असतो. लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवत असलेला राशीचा बिंदू, सुमारे दोन तासांत तीस अंश सरकतं, म्हणजे अर्धा अंश दोन मिनिटांत. तुमच्या जन्मवेळेत दोन मिनिटांची चूक असेल, तर वाचलेला पूर्वजन्म दुसऱ्याच कुणाचा. दवाखान्यातल्या घड्याळाकडे नर्स बाळ पुसून झाल्यावर बघते. म्हणून मी षष्ट्यंशावरून कुणालाही ठाम काही सांगत नाही.

जन्मवेळ नक्की माहीत नाही. आई म्हणते, "दिवेलागणीला झालास." चालेल का?

नक्षत्रासाठी बहुतेक वेळा चालतं. चंद्र दिवसभर एकाच नक्षत्रात असेल तर तासा-दोन तासांनी नक्षत्र बदलत नाही. बदलायच्या सीमेवर असेल तरच अडचण. दशेला मात्र फरक पडतो. तासाभराच्या चुकीने शुक्राची दशा दहा महिन्यांनी पुढेमागे होते, कारण वीस वर्षं चोवीस तासांत वाटली जातात. म्हणून "अमुक महिन्यातच होईल" असं भाकीत दिवेलागणीच्या वेळेवरून करता येत नाही.

घरी झालेल्या बाळंतपणांत मी खुणा विचारते. भुसावळची गाडी गेली होती का? गुरं परतली होती का? चूल पेटली होती की भांडी घासून झाली होती? एका आजोबांचा जन्म "आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) रात्री, झोका बंद झाल्यावर" एवढ्यावरून जवळपास अर्ध्या तासापर्यंत आणता आला.

जुन्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे देशातली घड्याळं एक तास पुढे होती. त्या वर्षांतली घड्याळाची वेळ असेल तर तास वजा करा. मोबाईलवरची सगळीच अ‍ॅप्स हे करतात असं समजू नका.

आणि गाव बरोबर टाका. जळगावचा सूर्य घड्याळाच्या साधारण २८ मिनिटं मागे चालतो, धुळ्याचा ३१, नंदुरबारचा ३३. नंदुरबारकडच्या कितीतरी लेकी बाळंतपणाला सुरतेला जातात आणि पत्रिकेत मात्र गाव सासरचं पडतं.

एका पंचांगाप्रमाणे माझं नक्षत्र चित्रा, दुसऱ्याप्रमाणे स्वाती. खरं कुठलं?

दोन्हीकडे गणित बरोबर असू शकतं. फरक सुरुवातीच्या बिंदूचा आहे. राशिचक्र आकाशात कुठून मोजायला घ्यायचं यावर एकमत नाही. बहुतेक पंचांगं चित्रापक्ष धरतात, म्हणजे चित्रा ताऱ्यावरून मोजतात, आणि १९५५ च्या सरकारी पंचांग सुधारणा समितीनेही तोच धरला. टिळक पंचांग रेवतीपक्षाचं, म्हणजे रेवती ताऱ्यावरून मोजणारं आहे. दोन्हींत सुमारे चार अंशांचं अंतर पडतं. तेरा अंशांच्या नक्षत्रात चार अंश म्हणजे साधारण दहांतल्या तीन माणसांचं नक्षत्र बदलतं.

तुमच्या घरात जे पंचांग पिढ्यान्‌पिढ्या आहे ते धरा आणि सगळी कामं त्याच एकावर करा. नाव एकावरून, गुणमेलन दुसऱ्यावरून, शांती तिसऱ्यावरून, असं करू नका. मी चित्रापक्ष वापरते.

राक्षसगण म्हणजे मागच्या जन्मी राक्षस होतो का?

अजिबात नाही. देव, मनुष्य, राक्षस हे स्वभावाचे तीन गट आहेत, प्रत्येकात नऊ नक्षत्रं. राक्षसगणाची माणसं स्पष्ट बोलणारी आणि हट्टी असतात, असं म्हणतात.

मुलगी मूळ नक्षत्राची आहे. सासऱ्याला वाईट असते ना?

या एका प्रश्नासाठी मी पत्रिका शिकले.

मी स्वतः मुळावर जन्मलेली. माझ्या पत्रिकेच्या पिवळ्या कागदाला चार कोपऱ्यांना हळदीकुंकू होतं आणि नक्षत्राच्या जागी कुणीतरी लाल शाईने "मूळ" लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. वडील ती पत्रिका पाहुण्यांना देताना त्या जागेवर अंगठा ठेवायचे. मी दाराआडून बघायचे तो अंगठा. अंगठा निघाला की पाहुणे चहा पिऊन जायचे आणि चार दिवसांनी निरोप यायचा की मुलाला आणखी शिकायचं आहे. अशी तीन स्थळं गेली. आजी माझ्या केसांना तेल लावता लावता म्हणायची, "बेटा, नखेतर आभायमा ऱ्हास, पोरना कपायवर नही."

नंतर पारोळ्याच्या एका वृद्ध गुरुजींनी पत्रिका हातात घेतली, अंगठ्याखालचं वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, "चरण कोणता?" तोवर तो कोणीच विचारला नव्हता. त्यांनी जुनं पंचांग काढून मोजलं. चौथा.

आता शास्त्र काय म्हणतं ते सांगते, कारण भीती घालणारे अर्धाच श्लोक सांगतात. लग्नाच्या बाबतीत ज्याचा आधार घेतात तो मुहूर्तचिंतामणी ग्रंथ म्हणतो की आश्लेषेवर जन्मलेलं सासूला, मुळावर जन्मलेलं सासऱ्याला, ज्येष्ठेवर जन्मलेली मुलगी थोरल्या दिराला आणि विशाखेवर जन्मलेली धाकट्या दिराला त्रासदायक. आणि लगेच पुढच्याच श्लोकात अपवाद देतो: मुळाचा शेवटचा चरण शुभ, आश्लेषेचा पहिला चरण शुभ, विशाखेचे पहिले तीन चरण दिराला सुखाचे. म्हणजे विशाखेत उरतो एकच चरण.

त्याहून मोठी गोष्ट अशी की सासू-सासऱ्याचा दोष त्या श्लोकात मुलगा आणि मुलगी दोघांनाही सांगितला आहे. आश्लेषेचा जावईही सासूला तितकाच वाईट ठरायला हवा. तुम्ही कधी आश्लेषेचा म्हणून मुलगा नाकारल्याचं ऐकलं आहे? मी बावीस वर्षांत एकदाही नाही. माझे यजमान आश्लेषेच्या दुसऱ्या चरणातले. माझ्या माहेरी कोणी ते विचारलंही नाही. माझी आई ८१ वर्षांची आहे आणि अजून स्वतः पापड लाटते. सासरे ८६ व्या वर्षी गेले, शेवटचे चार महिने मी त्यांना हाताने भरवलं.

नियम खरा धरायचा तर सगळा धरा, मुलालाही लावा, चरणही मोजा. तसं करायचं नसेल तर मुलीला लावू नका.

बाळ मूळ, आश्लेषा किंवा ज्येष्ठेवर झालं. शांती करावीच लागते का?

ही तीन नक्षत्रं का निवडली, ते आधी बघू. कर्क संपून सिंह लागते तिथे आश्लेषा-मघा, वृश्चिक संपून धनू लागते तिथे ज्येष्ठा-मूळ, मीन संपून मेष लागते तिथे रेवती-अश्विनी. या तीन सांध्यांवर राशी आणि नक्षत्र दोन्ही एकदम संपतात. पाण्याची रास संपून अग्नीची लागते. त्याला गंडांत म्हणतात. जाणते लोक इथे पूर्वकर्माची गाठ बघतात, कारण दोन्ही धागे एकाच जागी तुटून पुन्हा बांधले जातात. पण सांधा अगदी थोड्या अंशांचा असतो. अख्खं नक्षत्र गंडांत नसतं.

मुळाचे चरण वडील, आई, धन आणि चौथा शुभ असे लावतात. आश्लेषेचे बरोबर उलटे, पहिला शुभ आणि चौथा वडिलांना.

शांती करावीशी वाटली तर करा. बाराव्या दिवशी, किंवा तेच नक्षत्र फिरून येतं त्या सत्ताविसाव्या दिवसाच्या सुमारास करतात. सत्तावीस ठिकाणचं पाणी, सत्तावीस झाडांची पानं, गोमुखप्रसव हे विधी मी पुष्कळ बघितले आहेत. बाळाला सुपात घालून गाईच्या तोंडाजवळ नेतात आणि गाय त्याला हुंगते, त्या क्षणी आईच्या चेहऱ्यावर जो सुटल्याचा भाव येतो, तो खरा असतो. त्या समाधानाची किंमत मी कमी लेखत नाही. पण बाळ अशक्त असेल, पेटीत असेल, आईचे टाके ओले असतील, तर विधी पुढे ढकला. उशिरा केलेली शांतीही शास्त्राला मान्य आहे. आणि कर्ज काढून मुळीच करू नका. कापसाचे पैसे यायचे असताना सोनं गहाण टाकून शांती केलेली घरं मला माहीत आहेत.

आमचं लेकरू जन्मतः अपंग आहे. लोक म्हणतात, आईच्या मागच्या जन्मीचं पाप.

असं म्हणणाऱ्याला पत्रिका वाचता येत नाही. आईच्या पत्रिकेत तिचं प्रारब्ध असतं, लेकराच्या पत्रिकेत लेकराचं. एकाचं दुसऱ्याच्या माथी मारायची कुठलीही रीत माझ्या गुरूंनी शिकवली नाही.

शिरपूरकडची एक बाई दर गुरुवारी सात वर्षं उपास करत होती, पाणीसुद्धा न पिता, कारण तिच्या मुलाला बोलता येत नव्हतं आणि कुणीतरी तिला सांगितलं होतं की तू मागच्या जन्मी कुणाची तरी वाचा बंद केलीस. मुलगा माझ्यासमोर बसून पत्रिकेच्या कागदाचं विमान करत होता. त्याचे कान कधी तपासले का, विचारलं तर नाही. तपासले तेव्हा ऐकूच येत नव्हतं. सात वर्षं गेली. ती सात वर्षं मला अजून झोपू देत नाहीत.

आधी डॉक्टर. पत्रिका नंतर, आणि तीही फक्त आईला धीर यावा म्हणून.

नाडी एक आली. लग्न मोडायचं का?

छत्तीस गुणांत नाडीचे आठ, सर्वांत जास्त. आद्य, मध्य, अंत्य अशा तीन नाड्या. दोघांची एकच आली तर संततीला त्रास, असं मानतात. अपवाद आहेत. दोघांचं नक्षत्र एकच पण चरण वेगळे असतील, किंवा रास एक आणि नक्षत्रं वेगळी असतील, तर दोष धरत नाहीत. अठरा गुण जमले तर पुढे जायला हरकत नसते.

पण संततीचीच काळजी असेल तर माझं ऐका. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. मुलगा आणि मुलगी दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. दोघंही वरून धडधाकट दिसतात, पत्रिकेत हे कुठेच दिसत नाही. सरकारी दवाखान्यात रक्ताच्या थेंबावर तपासणी होते. त्या भागातलं स्थळ आलं की मी गुण मोजायच्या आधी तो कागद मागते.

पितृदोष निघाला आहे. नारायण नागबळीच करावा लागेल का?

रवी किंवा नववं स्थान राहूने बिघडलं की पितृदोष म्हणायची पद्धत आहे. अशा पत्रिका अगणित आहेत. त्र्यंबकेश्वरचा विधी तीन दिवसांचा, जाणं-येणं, राहणं, दक्षिणा. ज्यांना झेपतं आणि मनापासून वाटतं त्यांनी जावं. कुणी जवळचं म्हणून दक्षिण काशी मानलेल्या प्रकाशा या गावी तापी-गोमाईच्या संगमावर जातात.

माझं विचाराल तर आखाजी आधी नीट करा. मातीची नवी घागर, वर लोटा, त्यावर डांगर (खरबूज), सांजोऱ्या, आंबे, आणि चुलीत पितरांच्या नावाने आगारी, म्हणजे विस्तवावर टाकलेला घास. आपल्या घरांत हे चालत आलेलंच आहे. किती जणांना पणजीचं नाव माहीत आहे? घागर भरताना चार पिढ्यांची नावं मोठ्याने घ्या, सुनांच्या माहेरच्या माणसांचीही. मघा नक्षत्राची देवता पितर आहेत, त्या दिवशीही घास काढता येतो.

नक्षत्राचं अक्षर ण, ङ किंवा ञ आलं. नाव काय ठेवायचं?

हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ण, आर्द्रेच्या तिसऱ्याला ङ, उत्तरा भाद्रपदेच्या चौथ्याला ञ येतं. जन्मनाव त्याच नक्षत्रातल्या दुसऱ्या चरणाच्या अक्षरावरून घ्या. ते संकल्पापुरतं असतं. दाखल्यावर आवडेल ते नाव लावा आणि जन्माची नोंद एकवीस दिवसांत करून टाका.

खान्देशात ज्योतिषाची जुनी परंपरा आहे का?

आहे, आणि मोठी आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर देवीच्या दर्शनानंतर थोडं थांबा. तिथे शके ११२८ चा, म्हणजे १२०७ सालचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. आजोबांचे सिद्धांतशिरोमणी वगैरे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने इथे मठ स्थापन केला आणि त्याला निकुंभ राजांनी दान दिलं, असं त्यात कोरलं आहे. (तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव महाराज वेगळे.) भास्कराचार्यांनी १११४ साली जन्म घेऊन छत्तिसाव्या वर्षी तो ग्रंथ लिहिला. त्यात आहे ते गणित: ग्रहांची गती, ग्रहणं. त्या डोंगरात आठशे वर्षांपूर्वी पोरं बसून चंद्राची जागा मोजायला शिकत होती, हे आठवलं की चरण न मोजता "मूळ" लिहिणाऱ्या लाल शाईचा मला जास्तच राग येतो.

विज्ञान हे मानतं का?

नाही मानत. पुण्यात जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा दोनशे पत्रिका जमवून ज्योतिषांना आव्हान दिलं होतं. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका बघितल्या. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. मी हे माझ्याकडे येणाऱ्या शिकलेल्या मुलांना स्वतःहून सांगते. पुनर्जन्म ही माझी श्रद्धा आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. म्हणूनच त्या आधारावर कुणाचं लग्न मोडायचा, औषध थांबवायचा, पोरीला शाळेतून काढायचा अधिकार मला नाही. असोद्याच्या बहिणाबाईंनी ज्योतिषाला दारी येऊ नको म्हटलं होतं. विधवा बाईला तिचं नशीब तिसऱ्याने येऊन सांगायची गरज नव्हती, हे मला त्यातून कळलं. तेव्हापासून मी न बोलावता कुणाच्या दारी गेले नाही.

कर्म हलकं करायला काही साधा उपाय?

एक आहे, तो मी सगळ्यांना देते. प्रत्येक नक्षत्राचं झाड आहे. कृत्तिकेचं उंबर, रोहिणीचं जांभूळ, पुष्याचं पिंपळ, मघाचं वड, पूर्वाचं पळस, चित्राचं बेल, धनिष्ठेचं शमी, उत्तरा भाद्रपदेचं कडुनिंब, रेवतीचं मोह. आर्द्रा बरसल्या की आपलं झाड लावा. लावणं सोपं. आपल्याकडचा मे महिना पारा ४५ च्या पुढे नेतो, तेव्हा रोज संध्याकाळी त्याला कळशी घालणं हा उपाय आहे. तीन उन्हाळे काढले की झाड तुमच्यावाचून जगतं. क्रियमाण कर्म म्हणजे काय, ते त्या तीन उन्हाळ्यांत मला वाटतं आपोआप कळतं.

पत्रिका दाखवायला येताना काय आणावं?

दवाखान्याचा कागद, त्यावरची वेळ, जन्म झाला ते गाव. जुनी पत्रिका असेल तर तीच आणा, मोबाईलवरची नवी काढू नका. मुलीची आणणार असाल तर मुलाचीही आणा. आणि जमलं तर आजीला सोबत आणा. घड्याळातली वेळ तिला आठवत नसेल, पण त्या दिवशी पाऊस होता का आणि घरात काय शिजत होतं, हे तिला अजून पक्कं ठाऊक असतं.